लिहायला बसलं की डोकं रिकामं, मेसेज मात्र पानभर. कुणाचं होतं का असं?

कोरं_पान
नमस्कार मंडळी, सेकंड इयरला आहे, प्रश्न जरा बावळट वाटेल पण विचारतेच. सोमवारी १५०० शब्दांचा रिपोर्ट सबमिट करायचाय आणि तीन दिवसांत माझी एकच ओळ झालीये, "आजच्या धावपळीच्या युगात", ती पण खोडायची आणि परत तीच टाइप करायची असं चाललंय. गंमत म्हणजे काल रात्री याच टॉपिकवर मैत्रिणीला मेसेज करत होते, की सर्व्हे कसा गंडला, अर्ध्या लोकांनी सगळ्याच प्रश्नांना "सांगता येत नाही" वर टिक केलीये आणि मला वाटतंय खरी गोष्ट तीच आहे, लोकांना उत्तर माहीत नाही असं नाही, त्यांना प्रश्नच कळला नाहीये, वगैरे वगैरे. सकाळी बघितलं तर एवढा मोठा मेसेज की "आणखी वाचा" दाबावं लागलं. म्हणजे लिहिता येतं ना मला? मग वर्डची फाइल उघडली की काय होतं?

मला वाटतं याचं मूळ सातवीत आहे. "माझी आजी" निबंध होता. सगळ्यांनी गाईडमधलं लिहिलं, आजी फार प्रेमळ आहे, पहाटे उठते, गोष्टी सांगते. मी लिहिलं की आजीच्या चष्म्याची एक काडी तुटलीये, तिथे तिने दोरा बांधलाय आणि तो कानाला गुंडाळते, आणि कुणी आलं की लाज वाटते म्हणून आधी चष्मा काढून ठेवते आणि मग आलेल्या माणसाला ओळखतच नाही. दहापैकी चार. लाल पेनाने "विषय सोडून". पुढच्या वेळी गाईड पाठ केलं तर आठ. तेव्हापासून असं झालंय की मार्कांसाठी लिहायचं ते वेगळं आणि माझं ते वेगळं, आणि आता मार्कांसाठीचं सुचत नाही आणि माझं चालेल का ते कळत नाही.

रात्रपाळी
मेसेज कॉपी कर, फाइलमध्ये पेस्ट कर. झालं की सुरू. एवढं काय त्यात

बाकावरची_बाई
मी लाल पेनवाल्यांच्या जमातीतली आहे, त्यामुळे आधी त्या चारबद्दल. साठ वह्या एका संध्याकाळी तपासायच्या असल्या की डोळा ओळखीचं वाक्य शोधतो, ते दिसलं की बरोबरची खूण करून पुढे. हे समर्थन नाही, मीही केलंय आणि आता लाज वाटते. तो दोरा बांधलेला चष्मा वाचून मी आत्ता थांबले, तेव्हा तपासताना थांबले असते का, सांगवत नाही.

आता तुझं "धावपळीचं युग". १९८० साली माइक रोझ या अमेरिकन अभ्यासकाचा लेख आला होता, त्यात त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस कॅम्पसमधल्या दहा विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला, पाच लिहिताना अडकणारे आणि पाच न अडकणारे. नियम दोघांकडेही होते. पण अडकणाऱ्यांचे नियम दगडासारखे, "असंच पाहिजे"वाले, आणि बाकीच्यांचे "जमलं तर बरं, नाहीतर पुढे" असे सैल. त्यातल्या एकीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की सुरुवातीनेच वाचक खिळला पाहिजे, आणि बिचारीचे पहिल्या परिच्छेदात तासन्‌तास जायचे. ओळखीचं वाटतंय ना? पहिली ओळ पहिल्यांदाच लिहिली पाहिजे असं कुणी सांगितलंय? मी तर शेवटी लिहिते.

आणि एक गंमत. आपला "निबंध" शब्द बांधण्यावरून आलाय, नीट बांधलेलं ते. फ्रेंचमध्ये माँतेन्य या लेखकाने १५८० साली आपल्या लिखाणाला जे नाव दिलं, ज्यावरून इंग्रजीतला एसे आला, त्याचा अर्थ नुसता प्रयत्न, करून बघणं. आपण मुलांना थेट बांधायलाच बसवतो, करून बघायला कधी देतच नाही.

खोडरबर
बाई छान लिहिलंत पण मी जरा वेगळं सांगतो. मला लिहायला आवडत नाही, कधीच आवडलं नाही, आणि तरी दर आठवड्याला ऑफिसमध्ये रिपोर्ट देतो. प्रत्येकाच्या आत लेखक दडलाय वगैरे ऐकलं की मला खाज सुटते. ते फ्रीरायटिंग पण करून बघितलंय मी, पीटर एल्बो या लेखन शिकवणाऱ्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७३ मध्ये लोकप्रिय केलेलं, दहा मिनिटं हात थांबवायचा नाही, खोडायचं नाही, सुचलं नाही तर "सुचत नाही" असंच लिहीत राहायचं. माझी दहा मिनिटं अक्षरशः "सुचत नाही सुचत नाही भूक लागली" अशी गेली. मला उपयोग झाला तो बोलण्याचा. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सांगायचं काय झालं ते, आणि तो "म्हणजे?" म्हणाला की त्याचं जे उत्तर देतो ना तेच लिहायचं. तुझी मैत्रीण तेच करतेय. तिने मध्ये काय विचारलं होतं ते बघ चॅटमध्ये.

बाकावरची_बाई
खोडरबर, ते "भूक लागली"च्या पुढे अजून पाच मिनिटं लिहिलं असतंत तर काहीतरी आलं असतं असं माझं मत. पण "म्हणजे?" आवडलं. वर्गात वापरणार.

खोडरबर
पुढे जेवलो हो

कोरं_पान
बघितलं चॅटमध्ये!! तिने तीनदा विचारलंय. "म्हणजे प्रश्नच कळला नाही हे तुला कसं कळलं?" हे पहिलं, आणि मी त्यावर लिहिलंय की जिथे प्रश्नात "उपलब्धता" हा शब्द होता तिथे "सांगता येत नाही" धो धो, आणि जिथे साधं "मिळतं का" विचारलं तिथे लोकांनी सरळ उत्तर दिलंय. हे मी रिपोर्टमध्ये टाकणारच नव्हते कारण चूक माझीच ना, प्रश्नावली मीच केलेली. आता तेच पेस्ट केलंय, शिव्या काढल्या, "अगं" सात ठिकाणी होतं ते काढलं, आणि ३४० शब्द झालेत. धावपळीचं युग उडवलं. पहिली ओळ अजून नाहीये, "उपलब्धता"पासूनच सुरू होतं एकदम, जरा विचित्र दिसतंय पण राहू दे म्हटलं.

एकच शंका, "सर्व्हे गंडला"ला रिपोर्टमध्ये काय म्हणतात?

बाकावरची_बाई
रविवार रात्रीपर्यंत गंडलाच राहू दे. उरलेले ११६० आधी.

रात्रपाळी
मी हेच म्हणलो होतो वर, एका ओळीत