अंगकोरला जाऊन आलेल्या सातारा-सांगलीकरांनो, तुमचा अनुभव लिहा

येत्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाची इतिहास आणि स्थापत्य विभागाची मुलं कंबोडियात अंगकोरला, म्हणजे तिथल्या जुन्या राजधानीचे आणि देवळांचे अवशेष बघायला निघाली आहेत. सहल कंपनीच्या कागदावर विमानाच्या वेळा, हॉटेल, नाश्ता सगळं आहे. तिथे उभं राहिल्यावर काय बघायचं, कुठे जास्त वेळ द्यायचा, हे मात्र कुठेच नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतले बरेच गट तिकडे जाऊन आलेत. विद्यार्थी असाल, सोबत गेलेले शिक्षक असाल, तर सविस्तर लिहा. फोटो सगळ्यांनी पाहिलेत, त्यापलीकडचं हवं आहे.

वाई, इतिहासाची विद्यार्थिनी

सगळ्यात आधी समुद्रमंथन. अंगकोर वाट या तिथल्या सर्वांत प्रसिद्ध देवळाच्या पूर्वेकडच्या ओवरीत, दक्षिणेच्या अर्ध्या भागात जवळजवळ 49 मीटर लांबीचं एकच सलग शिल्प आहे. बहुतेक गट पश्चिमेच्या दारातून येतात, वरच्या मजल्याच्या रांगेत लागतात आणि आल्या वाटेने परत फिरतात. आमच्या सरांनी आम्हाला आधी मागच्या बाजूला नेलं, त्याबद्दल त्यांचे किती आभार मानू! डावीकडे 92 असुर, उजवीकडे 88 देव, मध्ये विष्णू, खाली कूर्म आणि सगळ्यांच्या हातात वासुकी. देवांच्या बाजूला अगदी टोकाशी शेपटी धरून एक वानर उभा आहे, त्याला तिथे हनुमान म्हणतात. आपल्याकडच्या गोष्टीत मंथनाला हनुमान नसतो, त्यामुळे आमचा अख्खा वर्ग तिथेच वाद घालत बसला. पण खाली वाकून पाणी बघा. मासे आहेत, मगरी आहेत, आणि मंदाराच्या रवीजवळ येता येता त्या जलचरांचे तुकडे झालेले आहेत. पाणी किती जोरात घुसळलंय हे दाखवायला कारागिराने ही युक्ती केली.

देऊळ तिथला राजा दुसरा सूर्यवर्मा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात विष्णूसाठी बांधलं, आज तिथे बुद्धाची पूजा चालते. पश्चिमेच्या ओवरीत कुरुक्षेत्र आहे, त्यात शरपंजरी पडलेले भीष्म शोधा. आमच्यातली मुलं गाइडच्या आधी पात्रं ओळखत होती. लहानपणी आजीने सांगितलेलं इतक्या दूरच्या भिंतीवर सापडलं की काय वाटतं, ते तुम्हाला तिथेच कळेल.

मिरज

व्यवहाराचं थोडं. देवळं बघायच्या पासवर तुमचा फोटो असतो. एका दिवसाचा 37 डॉलर, तीन दिवसांचा 62. तीन दिवसांचाच घ्या, एका दिवसात नुसती धावपळ होते. खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या भागात सोडत नाहीत. शाकाहारी असाल तर फिश सॉस नको हे ख्मेर भाषेत लिहून घेतलेला कागद खिशात ठेवा, कारण तो भाज्यांतही असतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग न्या.

सांगली, गावभाग, स्थापत्य अभियांत्रिकी

2019 च्या ऑगस्टमध्ये आमचा तळमजला कृष्णेत बुडाला होता. तेव्हापासून कुठेही गेले तरी माझी नजर आधी पाण्याकडे जाते. म्हणून पाण्याबद्दलच लिहिते.

अंगकोर म्हटलं की सगळे देवळं दाखवतात. त्या देवळांना पोसणारी पाण्याची व्यवस्था बघायला कोणी नेत नाही. पश्चिम बाराय हा अकराव्या शतकातला तलाव सुमारे 8 किलोमीटर लांब आणि 2 किलोमीटरहून थोडा जास्त रुंद आहे. तो मुख्यतः चारी बाजूंनी मातीचे बांध घालून, सपाट जमिनीवर पाणी अडवून केलेला आहे. अजूनही त्याच्या मोठ्या भागात पाणी असतं. पहिल्या यशोवर्म्याने 900 च्या आसपास बांधलेला पूर्व बाराय मात्र कोरडा आहे, त्याच्या तळात भात पिकतो. दोन्ही बघा, एकच बघून काही कळत नाही.

अंगकोर वाटभोवतीचा खंदक 190 मीटर रुंद आहे. देऊळ वाळूच्या भरावावर उभं आहे आणि खालची भूजल पातळी टिकली तरच ती वाळू जागची हलत नाही. आम्ही पायाचं गणित शिकतो ते वर्गात, इथे नऊशे वर्षांचं उदाहरण समोर आहे. सिएम रीप या शेजारच्या शहरातली हॉटेलं बोअरने पाणी उपसतात, म्हणून जाणकारांना आता त्या पायाची काळजी वाटते.

एवढं शहर ओस का पडलं? कारणं अनेक आहेत, सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, स्वाऱ्याही त्यात येतात. पण जुन्या झाडांच्या खोडांतल्या वर्षवलयांवरून संशोधकांना दिसलं की चौदाव्या आणि पंधराव्या शतकात तिथे दशकानुदशकं दुष्काळ पडले आणि मध्येच अचानक फार मोठे पावसाळे आले. त्या पुरांनी कालवे फोडले, उरलेले गाळाने भरले. हे ऐकताना मला आमचाच जिल्हा आठवला. 2019 ला सांगलीत बोटी फिरत होत्या आणि त्याच दिवसांत जत तालुक्यात टँकर चालू होते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर स्पीन थ्मा नावाच्या पुलापाशी थांबा. जुन्या देवळांचे दगड काढून तो बांधलाय, कोरलेले तुकडे उलटसुलट बसवलेले स्पष्ट दिसतात. आणि नदी आता पुलाखालून जात नाही! तिने बाजूने नवं पात्र कापलं आणि ती कितीतरी खोल वाहते. पूल रस्त्याला लागून आहे, तरी गाड्या थांबत नाहीत. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा.

अपशिंगे मिलिटरी, जि. सातारा

देवळांच्या वाटेवर झाडाखाली वादकांचे ताफे बसलेले दिसतील. ते सुरुंगात हात-पाय गमावलेले लोक आहेत. एकाने कृत्रिम पाय काढून शेजारी ठेवला होता आणि तो डोळे मिटून वाजवत होता. माझ्या घरात दोन पिढ्या फौजेत, त्यामुळे मला तिथून हलवेना. 1970 पासून त्या देशात लढाई, 1975 ते 1979 ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाची राजवट, पुढेही संघर्ष चालूच. 1992-93 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपल्या तुकड्याही तिथे होत्या. पैसे जरूर द्या, फोटो काढण्याआधी विचारा. मुख्य देवळांच्या परिसरातले सुरुंग काढलेले आहेत, पण लांबच्या अवशेषांकडे जाताना रुळलेली पायवाट सोडू नका.

सातारा, मुलांसोबत गेलेले शिक्षक

गावभागातल्या ताईंनी पायाचं लिहिलंय, त्याला जोडून दगडाचं. तटाच्या भिंती आणि पाया जांभ्याचा आहे. आमच्या मुलांनी तो लगेच ओळखला, कासच्या सड्यावर तोच पायाखाली असतो. खणताना मऊ, उघड्यावर वाळला की घट्ट, पण बारीक कोरीव काम त्यात होत नाही. म्हणून दर्शनी भागाला कुलेनच्या डोंगरातला वालुकाश्म लावला.

ता प्रोह्मच्या देवळात सगळे झाडांच्या मुळांपुढे उभे राहून फोटो काढतात. मुलांना एवढं नक्की सांगा: सातव्या जयवर्म्याने हे 1186 मध्ये आपल्या आईच्या स्मरणार्थ बांधलं, आणि इथल्या संस्कृत शिलालेखात राज्यभरच्या 102 रुग्णालयांचा उल्लेख आहे. आमच्यासोबतच्या नर्सिंगच्या मुली ते ऐकून गाइडला सोडेनात. इथल्या डागडुजीत आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा मोठा वाटा आहे, अंगकोर वाटलाही त्यांनी 1986 ते 1993 काम केलं.

आणि बांते स्रेई सोडू नका. 967 चं, लालसर दगडाचं, चणीने लहान देऊळ. रावण कैलास हलवतोय, पार्वती घाबरून शिवाला बिलगली आहे, हा प्रसंग तिथे जेमतेम काही फुटांत कोरलाय. हाच प्रसंग वेरूळच्या कैलासावर केवढा मोठा आहे! शक्य असेल तर निघण्याआधी मुलांना वेरूळ दाखवून आणा, निदान चित्रं तरी समोर ठेवा. बांते स्रेई मुख्य देवळांपासून लांब आहे आणि आयत्या वेळी गाडी तिकडे वळवत नाहीत. तुमच्या कंपनीच्या कागदावर ते नसेल तर आत्ताच लिहून घ्या.