बेसिनचा जुना नळ सुटत नाहीये

रानजाई
बेसिनचा नळ बदलायला घेतलाय. जुना कितीही घट्ट बंद केला तरी ठिबकतो आणि बुडाशी पांढरा-हिरवा थर धरलाय. नवा पिलर कॉक (बेसिनवर उभा बसणारा नळ), नवा कनेक्शन पाइप, टेफ्लॉन टेप, सगळं आणून ठेवलंय. पण नळाला खालून धरून ठेवणारा बेसिनखालचा चेक नट जागचा हलत नाही. नट पितळी आहे. मागे भिंत, पुढे बेसिनचा खोलगट भाग, पाना फिरवायला जागाच नाही. जोर लावला तर बेसिनला तडा जाईल अशी भीती वाटते. आणि टेप नेमकी कुठे गुंडाळायची?

पाऊसपाणी
नटाला हातोडीने दोन ठोके द्या, सुटेल. टेप सगळ्या आट्यांवर भरपूर गुंडाळा, म्हणजे कुठूनच गळणार नाही.

पानापकड
हातोडी अजिबात नको. सिरॅमिक दाब सोसतं, ठोका सोसत नाही.

आधी अँगल कॉक (बेसिनखाली भिंतीत बसवलेला छोटा कॉक) बंद करून नळ उघडा. धार पूर्ण थांबली तरच पुढे जा. वर्षानुवर्षं न फिरवलेले अँगल कॉक बंद केल्यावरही पाणी सोडतात, मग मुख्य व्हॉल्व्हच बंद करावा लागतो. त्यानंतर खाली बादली ठेवून जुना पाइप काढा.

तो थर म्हणजे पाण्यातले क्षार आणि पितळेवर चढलेला गंज. नट त्यानेच धरून ठेवलाय. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं नटाभोवती बांधून रात्रभर राहू द्या (आजूबाजूला संगमरवर असेल तर त्यावर सांडू देऊ नका, डाग पडतो). अशा अडचणीच्या जागेसाठी बेसिन रेंच मिळतो: लांब दांडा आणि टोकाला आडवा वळणारा जबडा. खालून वर बघताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायचं. वर कुणीतरी नळ घट्ट धरून ठेवा, नाहीतर नटाबरोबर नळही फिरत राहतो. एवढं करूनही सुटला नाही तर हॅकसॉच्या पात्याने नट उभा कापा. जुना नळ टाकायचाच आहे, त्याचे आटे गेले तरी बिघडत नाही.

आता टेप. आटे आट्यांत रुतून जिथे पाणी अडतं तिथेच ती लागते, म्हणजे अँगल कॉक भिंतीत जातो तिथे. कनेक्शन पाइपच्या नटात रबरी वॉशर असतो. पाणी तो अडवतो, आटे त्याला फक्त दाबून धरतात. तिथे टेपचा जाड थर चढवला तर नट शेवटपर्यंत बसत नाही. हे मी कळकळीने सांगतोय, कारण गळती दिसली की लोक टेप आणि जोर यांच्याच मागे लागतात आणि जास्त आवळल्याने वॉशर चिरतो. नट हाताने बसेल तितका बसवा, मग पान्याने पाव ते अर्धा फेरा. बस्स.

रानजाई
नट सुटला! व्हिनेगर आणि बेसिन रेंच, कापायची वेळच आली नाही. नवा नळ सरळ बसलाय, हलत नाही. पण पाणी सोडल्यावर पाइपच्या वरच्या टोकाशी अगदी बारीक थेंब जमतोय. अजून आवळू का?

पानापकड
नका आवळू. पाणी बंद करून नट उघडा आणि वॉशर बघा. तिरका बसला असेल किंवा मध्ये कचरा अडकला असेल. पाइपला पीळ पडलाय का तेही बघा. नट आवळताना पाइपची मान दुसऱ्या हाताने धरायची, म्हणजे नटाबरोबर पाइप पिळला जात नाही.

रानजाई
वॉशर एका बाजूला दुमडला होता. नीट बसवून हाताने आवळला, वर पाव फेरा दिला. आता कोरडं आहे.

पानापकड
छान झालं. आता नळाच्या तोंडाची जाळी काढून थोडा वेळ पूर्ण धार सोडा. लाइनमधली रेती निघून जाईल, नाहीतर ती जाळीत अडकते आणि धार बारीक होते. मग जाळी परत लावा. दोन्ही जोडांना कोरडा टिशू पेपर गुंडाळून ठेवा आणि सकाळी बघा. डोळ्यांना न दिसणारी ओल कागदावर लगेच कळते.