मदत हवी आहे: सीजे-३बी जीपमध्ये डिझेल इंजिन बसवताना २६ दात्यांचा ओव्हरड्राइव्ह २९ दात्यांच्या ट्रान्स्फर केसला कसा जोडावा?

माझ्याकडे १९६७ सालची महिंद्र सीजे-३बी जीप आहे. तिच्या मूळच्या २१९९ सीसी हरिकेन पेट्रोल इंजिनाचा ब्लॉक तडकल्यामुळे मी महिंद्रच्याच एमएम ५४० जीपमधून काढलेले एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन घेतले आहे. चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटर बोअर म्हणून ४.९०, क्षमता २११२ सीसी. टी-९० हा तीन गिअरचा गिअरबॉक्स आणि त्यामागची स्पायसर १८ ट्रान्स्फर केस (इंजिनाची शक्ती पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) दोन्ही सुस्थितीत असल्याने ती तशीच ठेवावीत, असा माझा विचार आहे. इंजिन बदलाच्या परवानगीसाठी आरटीओकडे अर्ज केलेला आहे, त्यामुळे तो विषय येथे नको.

गाडी उघडलेलीच आहे, तर याच वेळी ओव्हरड्राइव्हही, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअरसंच, बसवून घ्यावा असे वाटते. दोन्ही ॲक्सलचे क्राउन-पिनियन (चाकांना फिरवणारी शेवटची गिअर-जोडी) ४३:८, म्हणजे ५.३८ चे आहे. ६.००-१६ च्या टायरवर ताशी ८० किलोमीटरला टॉप गिअरमध्ये इंजिन साधारण ३२५० आरपीएमवर फिरते, आणि साताऱ्याहून पुण्यापर्यंत तो आवाज डिझेलचा असेल, ही कल्पनाही नको वाटते. २५ टक्क्यांच्या ओव्हरड्राइव्हने हाच आकडा २४५० च्या आसपास येईल, म्हणजे आज ६० च्या वेगाला जेवढे आरपीएम लागतात तेवढ्यातच ८० चा वेग मिळेल. क्राउन-पिनियन बदलण्याचा सल्ला अनेकांनी दिला, परंतु फोर-व्हील गाडीत ते पुढे आणि मागे सारखेच बदलावे लागते आणि चढावर पहिल्या गिअरची ओढ कायमची कमी होते. ओव्हरड्राइव्ह मात्र लिव्हर मागे ओढला की बाजूला होतो.

जुन्या सुट्या भागांत मला वॉर्न कंपनीचा ओव्हरड्राइव्ह मिळाला. ट्रान्स्फर केसच्या मागचे पीटीओचे (बाहेरची यंत्रे चालवण्यासाठी शक्ती काढण्याच्या जागेचे) झाकण काढून तो तेथे बसतो आणि गिअरबॉक्सच्या मेनशाफ्टवरील मुख्य गिअरची जागा त्याचा स्वतःचा गिअर घेतो. मागचा प्रॉपेलर शाफ्ट उजवीकडून निघत असल्याने तो कापावा लागत नाही, आणि स्पीडोमीटरची केबल मागच्या आउटपुटवर असल्याने वेगाचा काटाही खरा राहतो. इतके सगळे जुळून आल्यावर दाते मोजले, तेव्हा ओव्हरड्राइव्हचा गिअर २६ दात्यांचा आणि माझ्या केसमधला २९ दात्यांचा निघाला. शेजारच्या इंटरमीडिएट गिअरशी तो नीट जुळणारच नाही.

आमचे मिस्त्री म्हणतात की २६ दात्यांची संपूर्ण जुनी केस शोधावी. लेथवाले म्हणतात की २९ दात्यांचा नवा गिअर कापून देतो. मला दोन्हींत धोका दिसतो. सर्वांत जुन्या केसमध्ये इंटरमीडिएट शाफ्ट केवळ पाऊण इंचाचा असे, आणि डिझेलचे झटके तो किती काळ सोसेल याची शंका येते. तर स्थानिक पातळीवर कापलेल्या गिअरचे हार्डनिंग बरोबर झाले नाही, तर त्याचा चुरा इतर सर्व गिअरमधून फिरेल. ज्यांनी यांपैकी एखादा मार्ग प्रत्यक्ष वापरला आहे, त्यांनी कोणता निवडला आणि किती किलोमीटरनंतर केस पुन्हा उघडावी लागली, हे कृपया सांगावे.

दुसरी शंका ॲडॅप्टर प्लेटविषयी आहे. इंजिन आणि टी-९० चे बेलहाउसिंग (क्लचभोवतीचे घंटेच्या आकाराचे आवरण) यांच्यामध्ये ती येणार असून, क्रँकशाफ्टच्या केंद्रापासूनचा फरक डायल गेजवर पाच थाउच्या (इंचाच्या पाच हजारांश भागांच्या) आत ठेवण्यास मी लेथवाल्यांना सांगितले आहे. प्लेटच्या जाडीइतका गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट मागे राहील, तेव्हा पायलट बेअरिंगसाठी (त्या शाफ्टचे पुढचे टोक पेलणाऱ्या बेअरिंगसाठी) लांब बुश करावा की फ्लायव्हीलमध्येच नवी बैठक करावी? हे इंजिन आणि टी-९० यांची जोडी ओव्हरड्राइव्हसह चालवणाऱ्यांनी खंबाटकीसारख्या चढावर ओव्हरड्राइव्ह लावून ठेवणे टाळले का, तेही कळवावे.

प्लेटचे मटेरियल पुढच्या सोमवारी कापायला जाणार आहे. जाडीसंबंधीचे उत्तर त्याआधी मिळाल्यास फार उपयोग होईल. गिअरच्या दात्यांचे आणि स्प्लाइनचे फोटो कोणाला हवे असल्यास टाकतो.