पणजीचं माहेर कुठं शोधायचं? आणि आमच्या गटानं महिन्याकाठी करायचं तरी काय?

कृष्णाकाठची (कराड तालुका)

नमस्कार मंडळी. आमचा आठ-दहा जणांचा गट आहे. गावातल्या वाचनालयाच्या माडीवर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बसतो. २०२३ साली मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि घराघरांत जुन्या नोंदी हुडकायची धांदल उडाली. त्या रांगांमध्ये आमची ओळख झाली. दाखल्यांची कामं झाल्यावर बाकीचे पांगले, आम्हाला मात्र जुन्या कागदांची चटक लागली.

पण बैठकीत दर वेळी तेच. कुणीतरी वंशावळीचा कागद पसरतो. मूळपुरुषापासून सात-आठ पिढ्या, आणि सगळे बाप्येच. बाईचं नाव औषधालाही नाही. मग एक जण ‘आमचे पूर्वज उदेपूरचे’ सुरू करतो, दुसरा पानिपतावर जातो, तोवर चहा येतो. गेल्या वेळी मी म्हटलं, पुढच्या खेपेला प्रत्येकानं आपल्या पणजीचं माहेर सांगायचं. सगळे गप्प.

माझंही तेच आहे म्हणा. पणजीचं सासरचं नाव सोनाबाई. माझे आजोबा तिचं थोरलं लेकरू, जन्म १९१३च्या आसपासचा. धाकटा पोरगा अंगावर पीत होता तेव्हा ती मानमोडीच्या साथीत गेली. पणजोबांनी दुसरं लग्न केलं आणि सोनाबाईच्या माहेरचं येणंजाणं तुटलं. “नदीपलीकडची होती” एवढंच आत्या सांगायच्या. आता आत्याही नाहीत. नदी केवढी, पलीकडची गावं किती! हे शोधायला काही वाट आहे का? गटातल्या बाकीच्यांनाही उपयोग होईल असं सांगा.

रेकॉर्डरूम (निवृत्त अव्वल कारकून)

ताई, हयात तहसिलात गेली, त्यातली बरीच वर्षं अभिलेख कक्षात. त्यामुळे जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

पहिलं म्हणजे उदेपूर आणि पानिपत बाजूला ठेवा. माझ्या टेबलापुढे जो उभा राहिला त्याचा पूर्वज एक तर उदेपूरहून आलेला, नाही तर पानिपताहून वाचून आलेला. खंडोजी नांगर धरून इथंच राबला असं म्हणणारा मला एकही भेटला नाही. कागद मात्र खंडोजीचाच निघतो.

आता तुमचं काम. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आपल्याकडे चुकत नाही. म्हणजे थोरल्या लेकराचं जन्मठिकाण हेच आईचं माहेर, निदान आजोळच्या कुणाचं तरी गाव. तुमचे आजोबा थोरले. ते शाळेत गेले असतील तर शाळेचं जनरल रजिस्टर काढा. नुसता दाखला मागू नका, रजिस्टरच डोळ्यांनी बघायला मागा. जुन्या लोकल बोर्डाच्या शाळा पुढे जिल्हा परिषदेकडे आल्या, रजिस्टरं बहुतेक हेडमास्तरांच्या लोखंडी कपाटात असतात. कुणबी नोंदींच्या निमित्तानं ती अलीकडे बाहेर निघालीच आहेत, धूळ झटकलेली सापडतील. त्यात जन्मठिकाणाचा रकाना आहे का ते बघा. लोक जात आणि जन्मतारीख वाचतात आणि रजिस्टर मिटतात. तुम्ही शेजारचा रकाना वाचा.

दुसरं, मानमोडी. ही १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ. आपल्याकडे तिचा कहर सप्टेंबर ते नोव्हेंबर. म्हणजे पणजीचं साल तर कळलंच, महिनेसुद्धा कळले. सासरच्या गावाचं जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर, ज्याला लोक कोतवाल बुक किंवा नमुना चौदा म्हणतात, त्यातले तेवढे तीन महिने मागा. आख्खं रजिस्टर मागितलंत तर समोरचा माणूस दमतो आणि ‘जीर्ण आहे’ म्हणतो. मृत्यूचं कारण बहुधा ‘ताप’ एवढंच असेल. नोंद ‘सोनाबाई कोम अमुक’ अशी असेल, कोम म्हणजे अमक्याची बायको. त्यानं माहेर मिळणार नाही, पण तारीख पक्की होईल.

फेरफारात, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदीत, पणजी सापडायची शक्यता कमी, कारण ती नवऱ्याआधी गेली. जुन्या हक्कनोंदीत बाई येते ती बहुतेक नवरा मेल्यावर, वारस म्हणून, नाही तर पोरं लहान असली की ‘अ.पा.क. आई’ म्हणून. अज्ञान पालनकर्ता. बाईचं नाव सरकारदरबारी यायला घरात मयत व्हावी लागे, हे मी रोज बघत होतो.

गटातल्या बाकीच्यांना मात्र फेरफारात घबाड आहे. १९५६ला हिंदू वारसा कायदा आला आणि बापाच्या मागे लेकींची नावं वारसांत लागू लागली. बापाच्या नोंदीत लेक दिसते ती सासरच्या नावानं. मग भावांनी हक्कसोड करून घेतली, त्या कागदावर प्रत्येक बहिणीचं नाव, नवऱ्याचं नाव, राहणार कुठली आणि अंगठा. हक्क गेला, पत्ता राहिला. १९५६ ते १९८०च्या दरम्यान मेलेल्या प्रत्येक खापरपणजोबाची, पणजोबाची वारसनोंद काढा. आत्यांची अख्खी यादी मिळते. काही जिल्ह्यांचे जुने सातबारे, फेरफार स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर आलेत, आधी तिथं बघा. नाही मिळालं तर तहसिलात नकलेचा अर्ज.

लेकीसुना (सांगली)

दादांनी कागदाचं सांगितलं, मी भांड्यांचं सांगते. ताई, तुमच्या माळ्यावर जुनी तांब्या-पितळेची भांडी आहेत की मोडीत घातलीत? असतील तर चिंचेनं घासा आणि काठाखाली बघा. पूर्वी आहेराच्या भांड्यावर नाव घालून घ्यायचे. नाव घालणारा बारीक छिन्नीनं टिंबं टिंबं ठोकत अक्षर काढायचा. आमच्या सासूबाईंच्या घागरीवर ‘चि. सौ. कां. ... हीस मामाकडून, मु॥ आष्टे, वै. व॥ ३ शके १८५२’ असं आहे. शकात ७८ मिळवले की १९३० साल. एका घागरीवर लग्नाचा महिना, मामा आणि गाव. वंशावळीत या मामाचा पत्ता नाही.

तशीच आहेराची वही. लग्नात कुणी किती घातलं ते लिहून ठेवायचे, कारण परत फेडायचं असतं. रुपाया, खण, पातळ, आणि पुढं गावाचं नाव. पैशाच्या हिशेबासाठी लिहिलेलं असल्यामुळं त्यात खोटं नाही. आजोबांच्या लग्नाची वही असली तर ‘आजोळ’ किंवा ‘मामा’ म्हणून कुणाचा आहेर आहे का बघा.

आणखी एक विचारते, राग मानू नका. तुमच्या आजीचं माहेर कुठलं? आपल्या भागात मामाची लेक करायची पद्धत. येणंजाणं तुटलं असं तुम्ही म्हणता, पण पणजोबांनी थोरल्याला मामाचीच पोरगी केली असंही होऊ शकतं. आजीचं माहेर नदीपलीकडचं असेल तर आधी तिथं जाऊन म्हाताऱ्यांना विचारा.

डोंबिवलीकर

आमच्याकडे, म्हणजे कोकणस्थांत, कुलवृत्तांत छापायची जुनी परंपरा आहे. पुष्कळदा त्यात मनुष्य पराक्रमी आणि नोकरीची यादी लांबलचक, हे खरं. पण एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. प्रत्येक पुरुषापुढे बायकोचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव-गाव लिहितात, आणि मुलींपुढे सासर. तुमच्या गटानं फॉर्म बनवताना हे रकाने पहिल्या ओळीत ठेवा, शेवटी ‘इतर माहिती’त नाही. लग्नात नाव बदलायची पद्धत असेल तर दोन्ही नावांना वेगळा रकाना हवा, नाहीतर माहेरची गोदू आणि सासरची रमा या दोन बायका होऊन बसतात. आणि हयात माणसांच्या जन्मतारखा, फोन नंबर वगैरे व्हॉट्सअॅप गटावर फिरवू नका.

बाकी त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या विसरू नका. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी कोणत्या घराकडे वही आहे ते सांगतात. घरातलं कुणी अस्थी किंवा श्राद्धासाठी तिकडे गेलं असेल तर त्यानं स्वतःच्या हातानं आज्या-पणज्याची नावं लिहिलेली असतात. बायका सोबत गेल्या असतील तर त्यांचीही.

मोडीवाली (पुणे)

काकू, पेशवे दप्तराबद्दल, म्हणजे पेशवाईतल्या सरकारी कागदांबद्दल, कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगते. पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आहेत, पण घराणं पाटीलकी, कुलकर्णी, देशमुखी, इनाम यांतलं असेल तर तिथं हाती लागायची शक्यता जास्त. वतनाचा तंटा झाला की वंशावळ, करीना (घराण्याची हकीकत), तकरीर (जबानी), महजर (सभेचा निवाडा) असं सगळं लिहिलं जायचं. भांडकुदळ घराण्यांचा इतिहास चांगला टिकलाय. भारत इतिहास संशोधक मंडळातही कागद आहेत. कोल्हापूर संस्थानाकडचे कागद बघायचे तर कोल्हापूरचं पुराभिलेखागार वेगळं.

तुमच्या कामाला मात्र १९१०-२०च्या सुमाराची शाळेची आणि गावची रजिस्टरंच उपयोगी, आणि ती मोडीत असण्याची शक्यता खूप आहे. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, पण नावांचं मोडी वाचायला फार शिकावं लागत नाही, ठरावीक शब्द तेच तेच येतात: बिन आणि वलद (अमक्याचा मुलगा), कोम, मौ॥ (मौजे, म्हणजे गाव), ता॥ (तालुका). पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. गटातल्या दोघांनी जरी केला तरी महिन्याची बैठक बदलेल. एक पान प्रोजेक्टरनं भिंतीवर पाडायचं आणि सगळ्यांनी मिळून वाचायचं. आमच्याकडे असंच चालतं, चहा थंड होतो.

आणि पेशवाईतला कागद हाती आलाच तर त्यावर शुहूर सन अरबी शब्दांत असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. ५९९ मिळवा, १७६०-६१ येतं. पानिपतवाल्या काकांना हे द्या.

बालाघाट (बीड)

आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. जुने कागद उर्दूत आणि फसली सनाचे. फसली म्हणजे महसुली साल, इसवी साल काढायला त्यात ५९० मिळवायचे. मराठवाड्यातल्या कुणाला मदत हवी असेल तर १९५४-५५च्या खासरा पाहणी पत्रकापासून (जमिनीच्या गावनोंदीपासून) मागं जा, ते मराठीत मिळायची शक्यता असते. पणजीचं माहेर मी पण शोधतोय, अजून नाही लागलं.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला कारण शाळेला सुट्ट्या होत्या.

रजिस्टर सापडलं. हेडमास्तर बाईंनी कापडी बांधणीचं, पुठ्ठा सुटलेलं एक जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, बसा निवांत. मोडीतच आहे. गटातले एक निवृत्त गुरुजी थोडं वाचतात, ते बरोबर होते. जन्मठिकाणाच्या रकान्यात पहिल्या ओळीला आमच्या गावाचं नाव आणि खाली पानभर नुसतं ‘सदर’, ‘सदर’, ‘सदर’. आजोबांच्या ओळीला ते तुटतं. तिथं दुसरंच गाव लिहिलंय, शाई तपकिरी झालीये. गुरुजी म्हणतात ‘बोरगाव’ असावं, पुढं ‘ता॥ वाळवा’ मात्र स्पष्ट आहे. मधल्या अक्षरावर डाग आहे.

लेकीसुनाताई, आजीचं माहेर वाळवा तालुक्यातलं नाही, त्यामुळं तो धागा तुटला. पण माळ्यावरचं एक पातेलं घासलं, त्यावर दुसऱ्या पणजीचं, म्हणजे पणजोबांच्या दुसऱ्या बायकोचं, माहेर निघालं! तिला कुणी शोधतच नव्हतं. तिचे नातू आमच्या गल्लीतच राहतात, त्यांना फोटो दाखवला तर पातेलं मागायला लागले. द्यावं लागेल.

गटात आता नियम केलाय: बैठकीला येताना बाईचं नाव असलेली एक वस्तू किंवा कागद आणायचा, नसेल तर चहाचे पैसे द्यायचे. पानिपतवाले काका गेल्या रविवारी आईच्या हक्कसोडपत्राची नक्कल घेऊन आले. त्यांच्या मावश्या चार निघाल्या, त्यांना तीनच माहीत होत्या.

दादा, आता १९१३चं बोरगावचं जन्माचं रजिस्टर कुठं मागू? तेव्हा तर तो भाग साताऱ्यात होता ना?

रेकॉर्डरूम

बरोबर. १९४९ला दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६०ला त्याचं सांगली झालं. आधी वाळवा तहसिलात विचारा. तिथं नाही म्हणाले तर साताऱ्याला अर्ज करा, आणि अर्जात ‘पूर्वीचा सातारा जिल्हा’ असं लिहाच, नाहीतर ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणून परत येईल. साल १९१३ एकच धरू नका, १९११ ते १९१५ मागा. शाळेत घालताना वय अंदाजे सांगायचे. मुलाचं नाव नसेल, ‘अमक्यास मुलगा’ एवढंच असेल, आणि तो अमका तुमच्या गावचा म्हणून ओळखू येईल. खबर देणाऱ्याचं नाव असलंच तर तो घरातला धरा. मामा किंवा आजा. तो सापडला की माहेरचं आडनाव आलं.

मोडीवाली

काकू, त्या ओळीचा फोटो टाका ना. आजोबांचं नाव झाकलं तरी चालेल, जन्मठिकाणाचा रकाना आणि वरच्या-खालच्या दोन-दोन ओळी हव्यात, म्हणजे त्याच कारकुनाचा ‘र’ आणि ‘ह’ ताडून बघता येईल. फ्लॅश नको, खिडकीजवळ पान उघडून तिरप्या उजेडात काढा. वाळवा तालुक्यात बहे पण आहे, तेही नदीवरच, म्हणून आधी अक्षर नक्की करू आणि मग दादा सांगतात तो अर्ज.