बोरॉन कार्बाइड: हिशेबात बी३.८सी येतंय, असं असू शकतं का?

रेणुका_पदार्थशास्त्र
बोरिक ॲसिड आणि कार्बन ब्लॅक यांचं मिश्रण ग्रॅफाइटच्या क्रुसिबलमध्ये, आर्गॉनखाली, १६०० अंश सेल्सिअसला ३ तास ठेवलं. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तन चाचणीत) बोरॉन कार्बाइडचे सगळे पीक जुळतात, पण २६.५ अंशाला आणखी एक टोकदार पीक आहे (क्ष-किरण तांब्याचे के-अल्फा). वजनाने बोरॉन ७६.४ टक्के, एकूण कार्बन २२.६ टक्के. बोरॉन आणि कार्बन अणूंचं गुणोत्तर ३.७६ येतं. शिवाय स्फटिकातली तीन अणूंची साखळी जुन्या पुस्तकात सी-सी-सी दाखवली आहे आणि नव्या लेखांत सी-बी-सी. खरं कोणतं?

विंशतिफलक
३.७६ शक्य नाही. बोरॉन कार्बाइडच्या स्फटिकात कार्बन साधारण ९ ते २० अणुटक्के (दर शंभर अणूंमागे) मावतो, २० म्हणजेच बी४सी. प्रत्यक्ष नमुन्यांत कार्बनची वरची मर्यादा १८.८ च्या आसपास, म्हणजे बी४.३सी इथेच सापडते. त्यापुढचा कार्बन ग्रॅफाइट होऊन वेगळा पडतो. तुमचं २६.५ चं पीक बहुधा तेच आहे.

म्हणून आधी मुक्त (असा वेगळा पडलेला) कार्बन मोजा. समजा तो ३.२ टक्के निघाला आणि ऑक्साइडच्या रूपातलं, आम्लात विरघळणारं बोरॉन ०.४ टक्के. मग बोरॉन ७६.० ÷ १०.८१ = ७.०३ आणि बांधलेला कार्बन १९.४ ÷ १२.०१ = १.६१५. गुणोत्तर ४.३५. हा आकडा पटण्यासारखा आहे.

एकूण कार्बनच्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ऑक्सिजनमध्ये जाळताना कणांवर वितळलेल्या बोरॉन ऑक्साइडचं काचेसारखं कवच बसतं, आतला भाग जळायचा राहतो आणि कार्बन कमी दिसतो. पावडर बारीक करा, ॲक्सिलरेटर (जळायला मदत करणारं द्रव्य) भरपूर घाला.

रचना_आर३एम
साखळीबद्दल. समांतरषट्फलकी (ऱ्हॉम्बोहेड्रल) एककात १५ अणू: कोपऱ्यांवर १२ अणूंचे आयकोसाहेड्रन (वीस पृष्ठांचे गोलसर पिंजरे) आणि लांब कर्णावर ३ अणूंची साखळी. १९४० च्या दशकात क्ष-किरणांवरून बी१२ अधिक सी-सी-सी असं चित्र मांडलं गेलं. बेरीज बी१२सी३, म्हणजे बी४सीच, त्यामुळे ते सहज पटलं. पण बोरॉन ५ इलेक्ट्रॉनांचा आणि कार्बन ६ चा. क्ष-किरणांना दोघांतला फरक जेमतेम दिसतो. न्यूट्रॉननेही सुटका नाही, कारण बोरॉन-११ आणि कार्बन यांची विकिरण-लांबी (न्यूट्रॉन विखुरण्याची क्षमता) जवळपास सारखीच आहे. (बोरॉन-१० तर न्यूट्रॉन गिळूनच टाकतो, अणुभट्टीच्या नियंत्रक दांड्यांत बोरॉन कार्बाइड त्यासाठीच वापरतात.)

आता स्वीकारलेलं चित्र: कार्बनसमृद्ध टोकाला आयकोसाहेड्रन बी११सी आणि साखळी सी-बी-सी. बेरीज तीच, बी१२सी३. आयकोसाहेड्रनमधला तो एक कार्बन ध्रुवीय जागी बसतो, म्हणजे जी जागा शेजारच्या आयकोसाहेड्रनला थेट जोडते तिथे. कार्बन कमी झाला की आधी हाच कार्बन जातो आणि बी१२ अधिक सी-बी-सी, म्हणजे बी१३सी२ कडे वाटचाल होते. त्याबरोबर जालक (अणूंची पुन्हा पुन्हा येणारी मांडणी) फुगतं: बी४सीजवळ षट्कोनी एककाच्या बाजू, ए सुमारे ५.६० आणि सी सुमारे १२.०७ ॲंगस्ट्रॉम, पुढे दोन्ही वाढतात. सिलिकॉन पावडर अंतर्गत मानक (तुलनेचं ठरलेलं माप) म्हणून मिसळून ही मापं काढा आणि रासायनिक हिशेबाशी ताडून बघा.

रेणुका_पदार्थशास्त्र
आभारी आहे. मुक्त कार्बन मुळातच कमी कसा करायचा?

भट्टी_आर्गॉन
२बी२ओ३ + ७सी = बी४सी + ६सीओ या समीकरणाने १०० ग्रॅम बोरिक ॲसिडला ३४ ग्रॅम कार्बन लागतो. तेवढाच घातलात तर ग्रॅफाइट उरणारच, कारण तापवताना बोरॉनचे ऑक्साइड वाफ होऊन निघून जातात आणि त्यांच्या वाट्याचा कार्बन मागे राहतो. कार्बन ३१, मग २८ ग्रॅम असा उतरवत छोटे घाणे घ्या. नेमका आकडा भट्टीच्या आकारावर, आर्गॉनच्या वेगावर आणि तापवण्याच्या वेगावर ठरतो. बोरिक ॲसिड आधी वितळवून पाणी पूर्ण घालवा, काच झाली की कुटून मग कार्बनशी दळा. नाहीतर मिश्रण फसफसून क्रुसिबलबाहेर येतं. क्रुसिबलला चिकटलेली कडेची पावडर तपासणीला घेऊ नका, तिच्यात क्रुसिबलचाच ग्रॅफाइट असतो.

आणि एक गोष्ट आधी पडताळा. षट्कोनी बोरॉन नायट्राइडचं मुख्य पीक २६.७ च्या आसपास येतं, ग्रॅफाइटला अगदी खेटून. आर्गॉनमध्ये हवा शिरत असेल तर ते पीक नायट्राइडचंही असू शकतं. एफटीआयआर (अवरक्त वर्णपट) काढा: १३८० आणि ७८० प्रति सेंमी जवळ पट्टे दिसले तर कार्बनचं प्रमाण बदलण्याआधी भट्टीची गळती शोधा.