कमेंट वाचून ब्रँडने आपली गोष्ट बदलावी का? (कोल्हापुरी चपलेच्या निमित्ताने)

पायताणवाली

कोल्हापुरात मामांचं चपला करायचं घरगुती काम आहे. त्याचं इन्स्टाग्राम पेज गेली चार वर्षं मी सांभाळते. पहिली दोन वर्षं आमच्या प्रत्येक पोस्टखाली एकच मजकूर असायचा: शेकडो वर्षांची परंपरा, शाहू महाराजांचा आश्रय, अस्सल हातकाम. त्यात खोटं काही नव्हतं. पण लोक खाली विचारायचे ते वेगळंच. नवी चप्पल चावते का? पावसात भिजली तर काय करायचं? करकर वाजणारी मिळेल का? मी 'मेसेज केलाय' एवढं लिहून पुढे जायची.

मग एका पावसाळ्यात पुण्याच्या एका ताईंनी लिहिलं, "तीनदा विचारलं. तुम्ही परंपराच सांगताय आणि माझ्या अंगठ्याला फोड आलाय." वाचून मला खरंच लाज वाटली. त्याच संध्याकाळी मोबाइल घेऊन मामांच्या समोर बसले. मामांनी नवी जोडी घेतली, अंगठ्याच्या आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला बोटाने खोबरेल चोळलं, तळ दोन्ही हातांनी दोन-चारदा वाकवला आणि म्हणाले, "पहिले आठ दिवस घरात घालायची. चामड्याला पाय कळायला वेळ लागतो."

ते वाक्य आम्ही तसंच ठेवलं. आता आमच्या पेजची ओळख तीच आहे, आणि ती त्या ताईंच्या तक्रारीतून आली.

प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीचं उदाहरण तर सगळ्यांसमोर आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये त्यांनी आपल्यासारख्याच चपला दाखवल्या आणि नाव दिलं नुसतं 'लेदर सँडल'. कोल्हापूरचा उल्लेख नाही, भारताचाही नाही. सोशल मीडियावर लोक तुटून पडले. आठवडाभरात कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून मान्य केलं की प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे. जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात आली. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: २,००० जोड, प्रत्येकी सुमारे ८०० युरो. याच प्रकरणातली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलैतच फेटाळली होती. कोर्टात जे झालं नाही ते कमेंटनी झालं.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. लोक काय लिहितात ते ब्रँडने वाचलंच पाहिजे आणि त्याप्रमाणे आपली गोष्ट बदललीच पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

मसुदाकार

ताई, मामांचं वाक्य सुंदर आहे. तुमचा निष्कर्ष मात्र पटत नाही. मी मुंबईत १८ वर्षं जाहिराती लिहितोय.

ऑक्टोबर २०२० मधली तनिष्कची जाहिरात आठवा. मुस्लिम सासर हिंदू सुनेचं डोहाळजेवण करतं, एवढीच गोष्ट. बहिष्काराची हाक उठली आणि काही दिवसांत जाहिरात मागे घेतली गेली. दुकानातल्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेचा विचार होता, त्यामुळे मी त्यांना दोष देत नाही. पण ते 'लोकांचं ऐकून गोष्ट सुधारणं' होतं का? आदल्या वर्षी सर्फ एक्सेलच्या होळीच्या जाहिरातीवरही असंच वादळ आलं. लहान मुलगी सगळे रंग स्वतःच्या अंगावर घेते, म्हणजे तिच्या मित्राला पांढऱ्या कपड्यांत मशिदीत जाता येईल. ती जाहिरात मागे घेतली नाही. तेव्हा रागावलेल्या काही लोकांनी मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल ॲपला एक-एक तारा दिला होता, नाव सारखं म्हणून! ज्यांनी साबण कुठला आणि ॲप कुठलं हे पाहिलं नाही, त्यांच्या सांगण्यावरून मी ओळी बदलायच्या?

गोष्ट सांगणाऱ्याला स्वतःचं काही सांगायचं असावं लागतं. रोज कमेंट मोजून लिहायला लागलो की सहा महिन्यांत सगळ्या ब्रँडचा आवाज एकसारखा होतो. हे मी माझ्याच टेबलावर होताना पाहिलंय.

पायताणवाली

दादा, धमकी आणि प्रश्न यांत फरक आहे. फोड आलेल्या ताई माझ्या गिऱ्हाईक होत्या. त्यांनी चप्पल घेतली, घातली आणि मग बोलल्या. बहिष्काराची हाक देणाऱ्यांत घेणारे किती असतात? मी ऐकायचं म्हणते ते वापरणाऱ्याचं.

मसुदाकार

मग प्राडाचं उदाहरण तुमच्या बाजूने कसं? तिथे ओरडणाऱ्यांपैकी किती जण प्राडा घेतात?

पायताणवाली

खरंय, एकही नसेल. पण ज्यांची वस्तू होती ते त्यांत होते. मग वापरणारा आणि करणारा, दोघांचं म्हणते.

हिरडा_बाभूळ

करणाऱ्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या हे काम आहे. वडील अजून बसतात, मी नोकरी करतो.

माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. लोकांना काय आवडतं ते बघत गेलं की गोष्ट आपोआप राजवाड्याकडे वळते. शाहू महाराजांचा फोटो टाकला की हजार लाइक. पैलवानाच्या पायातली कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) टाकली की दोन हजार. आणि चामडं कसं कमावतात ते मी एकदा दाखवलं: चुन्यात भिजवलेलं कातडं, केस काढणं, मग कातड्याची पिशवी शिवून तिच्यात बाभळीच्या सालीचं आणि हिरड्याचं पाणी भरून टांगून ठेवणं. खाली काय आलं? 'ई', 'वास येत असेल', 'जेवताना दिसलं'. तो व्हिडिओ फार कुणापर्यंत गेलाच नाही.

आता सांगा, या प्रतिसादावरून मी काय शिकायचं? की ते दाखवू नये? ज्या वासामुळे माझ्या आजोबांना गावात पाण्याला लांब उभं राहावं लागलं, तोच वास गोष्टीतून पुसायचा आणि 'रॉयल' म्हणून चप्पल विकायची? लोकांना चप्पल हवीय. कातडं कमावणारे ढोर आणि चपला शिवणारे चर्मकार, या आमच्या जातींची नावं त्यांना गोष्टीत नकोयत. कमेंटच्या मागे गेलो तर आम्हीच आमच्या गोष्टीतून बाहेर पडतो.

आणखी एक. 'गाईचं चामडं आहे का' असं विचारणारे रोज येतात. विचारण्याचा सूरच असा असतो की उत्तर द्यायला भीती वाटते. आम्ही म्हशीचं वापरतो, ते कायद्याने चालतं, लपवण्यासारखं काही नाही. तरी कितीतरी पेजवाल्यांनी भीतीपोटी 'चामडं' हा शब्दच काढलाय. हाही प्रतिसादाचाच परिणाम आहे.

अथणी_निपाणी

हिरडा_बाभूळ दादांना माझा पाठिंबा, आणि प्राडाच्या वेळी मला काय दिसलं तेही सांगते. कोल्हापुरी चपलेचं २०१९ चं जीआय (भौगोलिक) मानांकन आठ जिल्ह्यांचं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर इकडचे. बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर तिकडचे. त्या आठवड्यात माझ्या फीडवर सगळीकडे 'कोल्हापूरचा अपमान', 'महाराष्ट्राची शान'. कर्नाटकात, अथणीत माझ्या माहेरच्या गल्लीत बायका दिवसभर वेण्या विणतात आणि शिवण घालतात. त्यांचा एकही फोटो त्या लाटेत दिसला नाही. म्हणजे इटलीच्या कंपनीने कोल्हापूरचं नाव खाल्लं म्हणून ओरडताना आपण अथणीचं खाल्लं. करारात कर्नाटकचं महामंडळ आलं याचा मला मनापासून आनंद झाला, पण ते कमेंटमुळे आलं असं मला वाटत नाही. मानांकनाच्या कागदावर दोन्ही राज्यं होती.

पायताणवाली

ताई, हे वाचून मी आमच्या सगळ्या जुन्या पोस्ट काढून बघितल्या. अथणीचं नाव एकदाही नाही. आमच्या दुकानातल्या निम्म्या वेण्या तिकडून येतात. आज रात्री दुरुस्त करते.

हिरडा_बाभूळ दादा, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. 'ई' म्हणणाऱ्यांचं ऐकून कातडं लपवावं असं मी कधीच म्हणणार नाही. माझ्या पहिल्या पोस्टमधलं 'बदललीच पाहिजे' मी मागे घेते. पण वाचलंच पाहिजे, यावर ठाम आहे. तुमची आणि अथणीच्या ताईंची ही दोन उत्तरंसुद्धा प्रतिसादच आहेत. मी वाचली नसती तर आमची गोष्ट अर्धीच राहिली असती.

मसुदाकार

हे मान्य. माझा आक्षेप गोष्टीचा मुद्दा गर्दीने ठरवण्याला होता. राहून गेलेलं नाव, चुकलेला जिल्हा, न सांगितलेला फोड, हे लोकांनी दाखवून दिलं तर घ्यावंच. तरी एका ठिकाणी अडतो. हे 'राहून गेलेलं' आणि हे 'लादलेलं', हे रोज शंभर कमेंटमधून निवडणार कोण? मोठ्या कंपनीत ते काम बहुधा सगळ्यात नव्या मुलाकडे असतं आणि त्याच्या हातात फक्त आकड्यांचा तक्ता असतो. त्याने आयुष्यात कारागीर पाहिलेला नसतो.

पायताणवाली

आमच्याकडे तरी मी आठवड्यातून एकदा मामांना सगळ्या कमेंट मोठ्याने वाचून दाखवते. ते चप्पल शिवत ऐकतात. ज्या कमेंटला हात थांबतो ती मी लिहून घेते.

हिरडा_बाभूळ दादा, कातडं कमावण्याचा व्हिडिओ आमच्या पेजवर पुन्हा टाकायचाय, पूर्ण, काही न कापता. तुमच्या वडिलांचे हात त्यात घेतले तर चालेल का? विचारून सांगाल?

हिरडा_बाभूळ

विचारलं. म्हणाले, हात नको, हात सगळेच दाखवतात. चेहरा घ्या आणि खाली नाव लिहा. सोमवारी सकाळी लवकर या, उन्हं चढली की ते पिशव्या उतरवतात.