आईच्या मांडीत गाठ: चरबीचीच असेल का?

धायरीकर: आईचं वय ६१. डाव्या मांडीत मागच्या बाजूला गाठ आहे. दिवाळीत फराळ करायला पाटावर बसली तेव्हा तिला पहिल्यांदा जाणवली. तेव्हा लिंबाएवढी होती, आता संत्र्याएवढी झालीय. दुखत नाही म्हणून ती दवाखान्यात यायलाच तयार नाही. आमचे डॉक्टर म्हणाले, चरबीची असेल, काढून टाकू. मी सार्कोमाबद्दल, म्हणजे स्नायू, चरबी अशा भागांच्या कॅन्सरबद्दल वाचलं आणि झोप उडाली. तो मांडीत होतो का?

पर्वतीच्या_पायऱ्या: होतो, आणि मांडीत तर सगळ्यांत जास्त. स्नायू, चरबी, नसा शरीरभर असतात, म्हणून तो कुठेही होऊ शकतो. पण निम्म्याहून जास्त हातापायांत, त्यातही पायांत. पोटात मागच्या बाजूला, मूत्रपिंडांजवळ झाला तर खूप मोठा होईपर्यंत कळतही नाही. मांडीतला तरी हाताला लागतो.

माझी उजवी मांडी, २०१९. मलाही दुखत नव्हतं. एका छोट्या हॉस्पिटलात एमआरआय नाही, बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) नाही, तासाभरात गाठ काढून घरी पाठवलं. बारा दिवसांनी रिपोर्ट आला: लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीचा सार्कोमा. कडेला कॅन्सरच्या पेशी राहिलेल्या. मग दुसरं ऑपरेशन, स्नायूचा मोठा भाग गेला, वर रेडिएशनच्या ३३ फेऱ्या. अजून जिना उतरताना कठडा धरते. आधी तपासलं असतं तर एकाच ऑपरेशनमध्ये भागलं असतं, हे मला आजही लागतं. म्हणून हात जोडून सांगते, तपासल्याशिवाय गाठीला सुरी लावू देऊ नका.

रेडिऑलॉजीत_काम: घाबरू नका, बहुतेक गाठी साध्या चरबीच्याच निघतात. त्या मऊ असतात, कातडीखाली सरकतात. पण ५ सेंटिमीटरहून मोठी, खोलवरची किंवा वाढत जाणारी गाठ असेल तर आधी एमआरआय, मग सुईची बायोप्सी. सुई कुठून घालायची ते पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच ठरवू दे, कारण सुईची वाटही नंतर गाठीबरोबर काढावी लागू शकते. कॅन्सर निघालाच तर छातीचा सीटी स्कॅन करतात. सार्कोमा पसरलाच तर बहुधा फुप्फुसांत पसरतो.

धायरीकर: आईला ताईंचा अनुभव वाचून दाखवला. गुरुवारी एमआरआय आहे.

पर्वतीच्या_पायऱ्या: मंगळसूत्र, बांगड्या घरीच काढून ठेवायला सांगा. मशीनचा आवाज फार मोठा असतो, ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या दचकतील. आणि रिपोर्ट आला की इथे लिहा, मी वाट बघतेय.